शब्द ओळखीचे, अर्थ वेगळे!

पनवेलच्या एका फेरफटक्यात तीन तऱ्हेची कामं बघायला मिळतात. सार्वजनिक बांधकाम विभागाचे रस्ते, खासगी बिल्डरचे टॉवर आणि शेजारी नवी मुंबईचा विमानतळ. सिमेंट, सळई सगळीकडे तीच, पण कराराची भाषा मात्र निराळी! मी कन्व्हेंटमधली, त्यामुळे 'बयाणा रक्कम' म्हणजे आपलं ई.एम.डी. हे मला ट्रेनिंगमध्येच कळलं. पुढच्या सुट्टीत साइटवर जाणाऱ्यांसाठी हा लेख.

आधी दर. बांधकाम विभागाच्या 'बी-१' फॉर्ममध्ये दर विभागच छापतो. ठेकेदार फक्त किती टक्के 'अबोव्ह' किंवा 'बिलो' ते सांगतो. 'बी-२' मध्ये प्रत्येक आयटमचा दर ठेकेदार स्वतः भरतो आणि 'सी' फॉर्म म्हणजे सगळ्या कामाची एकच ठोक रक्कम. खासगीत असे ठरलेले फॉर्म नसतात. तिथे बी.ओ.क्यू. असतं, नाहीतर सरळ स्लॅबच्या चौरस फुटावर लेबर रेट!

मग मोजमाप. सरकारी कामात मोजमाप पुस्तिका, म्हणजे एम.बी., हाच बिलाचा आधार. त्यात खाडाखोड चालत नाही. चुकलेली नोंद रेघ मारून, सही करूनच दुरुस्त करायची. खासगीत बहुतेक वेळा एक्सेल शीट असते आणि ती आर्किटेक्ट किंवा पी.एम.सी. तपासतात.

खरी गोम पैसे अडकतात तिथे आहे. सरकारी भाषेत 'सुरक्षा अनामत', खासगीत 'रिटेन्शन'. दोन्हीकडे बिलातून काही टक्के कापून ठेवतात. मी पाहिलेल्या एका खासगी साइटवर प्लास्टरवाल्या ठेकेदाराच्या करारात एवढंच होतं : रिटेन्शन 'काम पूर्ण झाल्यावर' मिळेल. तो म्हणे, माझं प्लास्टर पूर्ण झालं. ऑफिस म्हणे, बिल्डिंगची ओ.सी. आल्यावर बघू. तोपर्यंत माणसांची मजुरी त्याच्याच खिशातून! एका शब्दाची व्याख्या नव्हती, म्हणून हे सगळं.

'दोषदायित्व कालावधी'चंही तसंच. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातल्या दोषांसाठी बिल्डर ताबा दिल्यापासून ५ वर्षं ग्राहकाला बांधील असतो. पण ठेकेदाराशी केलेल्या करारात त्याने एकच वर्ष लिहिलं असेल, तर उरलेल्या काळातल्या दुरुस्तीचा भार बहुधा त्याच्यावरच पडतो.

आणि 'कन्सेशन'? आपल्याला लगेच लोकलचा पास आठवतो! विमानतळाच्या बाबतीत मात्र कन्सेशन म्हणजे स्वतःच्या पैशाने बांधायचं, ठरावीक वर्षं चालवायचं आणि शुल्कातून खर्च वसूल करायचा हक्क. सिडकोने असा करार २०१८ मध्ये केला. त्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीत सिडकोचा वाटा २६ टक्के आहे. इथे ठेकेदाराला बिल देणारा 'मालक' म्हणजे ही कंपनीच.

तेव्हा कुठलाही करार हातात आला की शब्द पाठ करत बसू नका. तीनच प्रश्न विचारा. मोजणार कोण? 'पूर्ण झालं' हे ठरवणार कोण, आणि कशावरून? भांडण झालं तर निर्णय कोणाचा? उत्तरं त्याच करारात लिहिलेली सापडली पाहिजेत. नसतील, तर सही करण्याआधी लिहून घ्या. नंतर साइटवर आवाज चढवून उपयोग नसतो!