मागच्या फाटकाचा कॅमेरा

छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कुठेही दोन आकडे शेजारी दिसले की तो ते जुळवून पाहतो, आणि जुळले की त्याला समाधान वाटते. या खोडीपायी माझ्या हातून जे घडले ते सांगायचे आहे.

२०१९ साली निवृत्त झालो आणि कराडजवळच्या जागेत बंगली बांधून राहू लागलो. आसपासच्या चार घरांत मिळून एक राखणदार होता. वय माझ्याहून थोडे अधिकच, म्हणून मी त्यांना मामा म्हणे; ते मला साहेब म्हणत. संध्याकाळी साडेसहाला यायचे, सकाळी साडेसहाला जायचे. बसायचे आमच्या ओसरीवर.

२०२३ च्या दिवाळीत मुलाच्या आग्रहाने चार कॅमेरे बसवले. तीन उत्तम चालत. चौथा, मागच्या फाटकावरचा, दिवसभर लख्ख दिसे आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बंद पडे. सकाळी पुन्हा आपोआप सुरू! त्याचे बटण ओसरीवर, मामांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. मी आठ दिवस वहीत वेळा टिपल्या. आणि नवव्या रात्री न्हाणीघराबाहेरचा आईच्या वेळचा तांब्याचा बंब नाहीसा झाला.

आकडे जुळले होते. मी मामांचा हिशेब केला, महिन्याचे पूर्ण पैसे हातावर ठेवले. ते एवढेच म्हणाले, ‘‘साहेब, त्या बटनाला म्या हात लावला न्हाई.’’ हे वाक्य मी बँकेतही ऐकले होते. रोकड कमी भरली की प्रत्येकजण असेच म्हणतो.

मामा गेले, तरी कॅमेरा साडेसहाला बंद पडतच राहिला.

मग आयटीआय झालेला एक मुलगा बोलावला. त्याने शिडी लावली, मीटरचे दोन काटे कॅमेऱ्याच्या जोडाला टेकवले. ओसरीवरच्या अॅडॅप्टरपाशी बारा व्होल्ट होते, इथे १०.४. ‘‘काका, आता गंमत बघा,’’ म्हणत त्याने कॅमेऱ्याच्या तोंडावर काळे फडके धरले. आत ‘टक्’ असा बारीक आवाज झाला, भिंगाभोवतीचे दिवे मंद लाल झाले, मीटर ८.४ वर घसरला आणि कॅमेरा मेला. दिवे विझताच दाब वर चढला, कॅमेरा जागा झाला, फडके पाहून त्याला पुन्हा रात्र वाटली, पुन्हा दिवे, पुन्हा मरण.

दुखणे साधे होते. अंधारात पाहण्यासाठी कॅमेरा स्वतःचे अवरक्त दिवे लावतो. तेव्हा त्याला दिवसाच्या जवळजवळ दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. तारेतून जितका प्रवाह अधिक, तितका दाब वाटेतच खर्ची पडतो. आमची तार कुंपणावरून पंचेचाळीस मीटर गेलेली. वीज जाते आणि परतही येते, म्हणजे हिशेबाला नव्वद. तार केसासारखी बारीक, आणि कापून चाकूने खरवडली तर आत पांढरी. तांब्याचा नुसता मुलामा दिलेले अॅल्युमिनियम! बसवणाऱ्याने बिलात ‘कॉपर’ लिहिले होते. (सोन्याचा मुलामा दिलेले दागिने तारण घेऊ नयेत म्हणून आम्ही बँकेत सराफ ठेवत असू. इथे मी तार हातात घेऊनही पाहिली नव्हती.)

कोयनेची वीज लाखो व्होल्टच्या दाबाने दूर नेतात, तीही याच कारणासाठी: दाब वाढवला की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो. नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांत चित्र आणि वीज एकाच नेटवर्कच्या तारेतून जातात. तिथे दाब सुमारे अठ्ठेचाळीस व्होल्ट असतो; म्हणजे चौपट दाब, चौथाई प्रवाह. शंभर मीटरपर्यंत काळजी नाही. नवे घर बांधणाऱ्याने भिंतीतून तीच तार ओढून घ्यावी. जुन्यासाठी जाड तांबे हा उपाय. मुलाने एक चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार ओढली. फडके धरल्यावरही मीटर ११.३ खाली उतरला नाही. जोड डबीत घेतले, आणि तार डबीत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी तिथून गळून जाते.

जाता जाता तो म्हणाला, ‘‘काका, रेकॉर्डरमध्ये सगळी नोंद असते की.’’ त्याने पडद्यावर ती उघडून दाखवली. ‘व्हिडिओ लॉस’, ‘व्हिडिओ लॉस’. मिनिटा-मिनिटाला, रात्रभर, पहाटेपर्यंत. बंब गेला त्या रात्रीही तसेच. कोणता माणूस रात्रभर दर मिनिटाला बटण दाबत बसेल? लेजर समोर होते. जन्मभर दुसऱ्यांची लेजरे तपासणाऱ्याने हे एक उघडलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी गेलो. मामी दारात होत्या. त्यांनी पाणी आणून दिले, बोलल्या नाहीत. मामा अंगणात दोर वळत होते. मी तार, दाब, दिवे, सगळे सांगितले. माझे चुकले, असेही म्हणालो. ते शब्द तारेच्या हिशेबानंतर आले, आधी यायला हवे होते. परत या, म्हटले. ते म्हणाले, ‘‘आता नातू शेताकडं नेतो मला. रात्रीचं जागरन नगं.’’

उठताना त्यांनीच विचारले, ‘‘साहेब, आईंचा बंब घावला का?’’

नाही, म्हणालो.