बडोदे–इंदूर अंतर आणि संगणकाचा दुभाषी

बडोद्याहून इंदूर किती दूर? नकाशावर पट्टी ठेवली की झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पृथ्वी सपाट नव्हे, आणि नेमकी गोलही नव्हे. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८.१३७ किलोमीटर धरतात. ध्रुवीय त्रिज्या तीहून सुमारे २१ किलोमीटरांनी कमी भरते. अशा चपट्या गोलावरील लघुतम मार्ग काढणे हे भूगणिताचे काम.

व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली दिलेली रीत पुष्कळ वर्षे प्रचारात होती. मात्र पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांची स्थळे दिली, तर ती उत्तरापर्यंत पोहोचतच नसे. चार्ल्स कार्नी यांच्या २०१३ सालच्या रीतीत हा दोष उरला नाही. ती रीत 'जिऑग्राफिकलिब' या सी++ भाषेतील लायब्ररीत आहे. (या लायब्ररीत पुस्तके नसतात; तयार गणितकृती असतात.)

आम्ही आकडेमोड करतो ती 'ऑक्टेव्ह'मध्ये. ऑक्टेव्ह आज्ञा वाचतो व तिचा अर्थ लावीत पुढे जातो; लायब्ररी मात्र कंपाइलरने आधीच यंत्रभाषेत उतरविलेली असते. ही रीत ऑक्टेव्हमध्ये नव्याने लिहिता येते. पण पारखलेली कृती हाताशी असता तो खटाटोप का करावा? दोघांमध्ये एक दुभाषी नेमला की पुरे. हा दुभाषी म्हणजे सी++ मधील एक लहानसा प्रोग्राम. तो ऑक्टेव्हकडून अक्षांश-रेखांशांचा तक्ता घेतो, एकेक ओळ लायब्ररीपुढे ठेवतो आणि उत्तरांचा स्तंभ परत आणतो. 'एमकेऑक्टफाइल' या साधनाने तो एकदा कंपाइल केला, की घरच्या फंक्शनाप्रमाणे नावाने बोलाविता येतो. तक्ता मात्र सबंध द्यावा. ओळीओळीला हाक मारण्यात वेळ जातो.

दुभाषी आकडे पोहोचवितो, अर्थ पोहोचवीत नाही. बडोदे २२.३० उत्तर, ७३.२० पूर्व, इंदूर २२.७२ उत्तर, ७५.८६ पूर्व. खरे अंतर सुमारे २७८ किलोमीटर. आम्ही एकदा चुकून रेखांश आधी दिले. दोन्ही शहरे नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात गेली, आणि उत्तर आले २९७! तीन हजार आले असते तर कोणीही दचकले असते. २९७ वर आमचा सहज विश्वास बसला.

तेव्हापासून प्रथम विषुववृत्तावरील शून्य आणि एक अंश रेखांश यांमधील अंतर विचारून पाहतो. १११.३१९ किलोमीटर आले तर क्रम बरोबर, ११०.५७४ आले तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे.