फारकत होते, सातबारा तसाच राहतो

"अर्धी इस्टेट घेईन" ही एक धमकी आणि "एक गुंठाही देणार नाही" हे तिचं ठरलेलं उत्तर. फारकतीच्या भांडणात जळगाव-धुळ्याकडे ही दोन्ही वाक्यं हमखास ऐकू येतात. कायद्याने पाहिलं तर धमकी पोकळ आहे आणि उत्तर बऱ्याच अंशी खरं.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २७ खाली न्यायालय वाटप करतं ते लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या ठरतील अशा वस्तूंचं. कपाट, भांडीकुंडी, आहेरातला फ्रीज. नवऱ्याच्या नावावरचं शेत त्यात येत नाही, मग बायकोने त्यात पंधरा वर्षं कापूस वेचलेला असो. (सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल-पावरा कुटुंबांना हा कायदा लागूच नाही, तिथे रूढी चालते.)

गोव्यात चित्र उलटं आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता नवराबायकोची सामाईक, आणि वेगळं होताना निम्मी-निम्मी. आपल्याकडेही पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याचं विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं होतं. पुढे त्याचा कायदा झालाच नाही.

मग बाईच्या हातात काय उरतं? आधी सोनं. स्त्रीधन तिचं एकटीचं, सासरच्यांकडे ते नुसतं सांभाळायला दिलेलं असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. ते दाबून बसणाऱ्यावर विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारीही ते परत करायला लावू शकतात. घोडं अडतं पुराव्यापाशी. जळगावच्या सराफ बाजारातली पावती बापाच्या नावाची, पोत आणि पाटल्या सासूच्या कपाटात, आणि वजन कुणालाच नक्की आठवत नाही. मग लग्नाच्या अल्बममध्ये दागिने शोधायची वेळ येते.

दुसरी पोटगी. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं. शेतकऱ्यांसाठी त्यात वेगळा तक्ता आहे: जमीन किती, बागायती की कोरडवाहू, पीक कोणतं, गुरं किती, शेतीवर कर्ज किती. कापसाची पट्टी भावाच्या नावावर फाडून "माझं उत्पन्नच नाही" म्हणणाऱ्याला हा तक्ता जड जातो. जड जातो एवढंच. जमीन सासऱ्याच्या नावावर असली की पळवाट उरतेच.

फारशी वापरली न जाणारी एक तरतूद मात्र खान्देशासाठी मोलाची वाटते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी ठरवताना न्यायालय ती नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा म्हणून ठेवू शकतं. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीच्या कर्जाची नोंद असते, तशीच हीही लागू शकते. बोजा असलेलं शेत विकताना गिऱ्हाईक दहा प्रश्न विचारतं. वकिलाकडे ही मागणी आवर्जून करावी.

जमिनीच्या मालकीचा प्रश्न खान्देशाने एकदा कोर्टाची पायरी न चढता सोडवून पाहिला आहे. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा बायकांच्या नावे करून दिला. १९९२ मध्ये सरकारनेही त्याच नावाची योजना आणली. नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तो अर्ज संसार चालू असतानाच तलाठ्याकडे द्या.