चार पेन्सिल सेलांचा संगणक

चार पेन्सिल सेल घाला, बटण सरकवा, पापणी लवायच्या आत पडदा तयार. कालची फाइल यादीत जागच्या जागी.

टीआरएस-८० मॉडेल १०० हे यंत्र १९८३ सालचं. बनवलं जपानच्या क्योसेराने, अमेरिकेत विकलं टँडीने आपल्या रेडिओ शॅक दुकानांतून. आठ के मेमरीसाठी तेव्हा १,०९९ डॉलर मोजावे लागत. आकार जाडजूड वहीएवढा, पडद्यावर फक्त आठ ओळी, ओळीत चाळीस अक्षरं. एका अक्षराच्या वाट्याला सहा बाय आठ ठिपके. त्यात आपला ‘क्ष्म’ बसवून दाखवावा कुणीतरी! पण कीबोर्ड पूर्ण आकाराचा आणि सेल वीसेक तास पुरत. बातमीदारांना हे यंत्र भावलं ते यामुळेच. हॉटेलातल्या फोनचा रिसीव्हर जोडणीच्या रबरी वाट्यांत दाबून बसवायचा आणि बातमी कचेरीत धाडायची, सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं या गतीने.

आज याच्यावर जीव टाकणाऱ्यांच्या हाती आधी सोल्डरिंग गन येते. कारण यंत्र जुनं झालं म्हणून मरत नाही, आतून पाझरून मरतं. बंद असताना मेमरी जागी ठेवणारी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि बोर्डावरचं तांबं खाते. कपॅसिटरही गळतात. म्हणून जुना नग हाती आला की चालू करण्याआधी उघडायचा, हे हौशी मंडळींचं पहिलं पथ्य. गळका माल काढा, डाग पुसा, नवे कपॅसिटर लावा, मग सेल.

पुढची मौज पोटाखालच्या झाकणामागे. तिथे जादा रॉम चिपसाठी एक सॉकेट मोकळं ठेवलेलं होतं. हौशींनी त्यात बसेल असा ‘रेक्स’ नावाचा बोर्ड घडवला: अनेक रॉम एकात, शिवाय सगळ्या मेमरीची प्रतही. टँडीचा मूळ फ्लॉपी ड्राइव्ह दुर्मीळ झाला, तर आजच्या लॅपटॉपलाच त्याचं सोंग घ्यायला लावलं. केबल जोडली की म्हाताऱ्याला वाटतं, ड्राइव्ह आला.

या यंत्रातल्या मूळ प्रणालीचा बराचसा भाग बिल गेट्स यांनी जे सुझुकींच्या जोडीने लिहिला. गेट्स यांनी जातीने कोडचा मोठा भाग लिहिलेलं मायक्रोसॉफ्टचं हे शेवटचं काम. त्यात वर्षाच्या आधीचे ‘१९’ कायमचे कोरलेले आहेत. कुणी ते दुरुस्त करून घेतात. बरेच जण तसेच ठेवतात आणि १९२६ सालात बसून लिहितात.