वर्कशॉप शहरात, उस्ताद तंबूत!

सुट्टीत लावणी, ढोलकी, अभिनय शिकायला आपण फी भरतो. हेच सगळं पोटापाण्यासाठी करणारी माणसं त्याच दिवसांत आपल्याच जिल्ह्यात गावोगाव तंबू ठोकून असतात. मग या दोघांची गाठ का पडत नाही?

परीक्षा संपल्या की कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोट्स येणं बंद होतं आणि पोस्टर्स यायला लागतात. अभिनय कार्यशाळा, कॅलिग्राफी, मातीकाम, वारली, फोटोग्राफी... आणि हल्ली हमखास दिसणारं लावणी वर्कशॉप. तीन दिवसांचं, पाच दिवसांचं. सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच. नऊवारी आपापली आणायची. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट, ग्रुप फोटो आणि एक रील.

यात वाईट काहीच नाही. उलट घरात ‘नाच कसला शिकतेस’ असं ऐकून घेतलेल्या कितीतरी मुलींना पहिल्यांदा मोकळेपणानं नाचता येतं ते अशाच एखाद्या हॉलमध्ये. मुलगेही येतात, लाजत लाजत का होईना ठेका धरतात. सुट्टी सत्कारणी लागते. पण एक प्रश्न विचारून बघा. आपल्याला लावणी शिकवणाऱ्यांपैकी कितीजण ती फडावर नाचलेत? आपण ज्या गाण्यावर स्टेप्स बसवतो, ते गाणं नाचता नाचता स्वतः गाणारी बाई आपण कधी समोर बघितली आहे का?

ती लांब नाहीये. चैत्र-वैशाखात ती नगर जिल्ह्यातल्याच कुठल्यातरी गावात असते.

त्याच महिन्यांत, त्याच जिल्ह्यात

तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. त्यातले खरे कमाईचे दिवस म्हणजे गुढीपाडव्यानंतरचे यात्रा-जत्रांचे. आपल्या संगमनेर, पारनेरला लागूनच असलेल्या जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तिथं फडमालक राहुट्या टाकून बसतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, भाव करतात आणि सुपारी ठरवतात. पैसा उभा राहतो लोकवर्गणीतून. म्हणजे बघा, ज्याला आपण इव्हेंट म्हणतो, त्याचं बुकिंग, बजेट, फंडिंग, सगळं गावातली माणसं कुठल्याही एजन्सीशिवाय वर्षानुवर्षं करत आली आहेत.

यात्रेचा क्रमही ठरलेला. रात्री देवाचा छबिना, त्यानंतर तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, म्हणजे कलावंतांचा दिवसाउजेडी होणारा कार्यक्रम. दुपारनंतर कुस्त्यांचा हगामा. मोठा फड म्हणजे शे-सव्वाशे माणसांचं फिरतं गाव. नाचणाऱ्या, गाणारे, वाजवणारे, सोंगाडे, स्वयंपाकी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे. ट्रकमधून सामान उतरतं, काही तासांत स्टेज उभं राहतं, पहाटे सगळं मोडून पुन्हा ट्रकमध्ये. पुढचं गाव वाट बघत असतं.

आपल्या गॅदरिंगचं स्टेज लागायला किती दिवस जातात, आठवून बघा.

तिथं नेमकं काय असतं?

तमाशा म्हणजे फक्त लावणी, असा आपल्यातल्या अनेकांचा समज सिनेमानं करून दिला आहे. प्रत्यक्षात ढोलकी फडाच्या तमाशाची रचना पक्की असते. आधी ढोलकी-हलगीची जुगलबंदी, मग गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. वग म्हणजे पूर्ण लांबीचं नाटकच. त्यात इतिहास असतो, पुराण असतं, नाहीतर चालू काळातला एखादा सामाजिक विषय.

वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर इथं एकाच रात्रीत चार-पाच कोर्सेस असतात.

ढोलकी घ्या. ती कमरेला बांधून उभ्यानं वाजवली जाते. एका तोंडातून चढा, टणक आवाज निघतो, दुसऱ्यातून घुमारा. ढोलकीवाला नाचणारीच्या पावलांकडे बघत पुढं सरकतो. ती थांबली की तो थांबतो, तिनं चाळ वाजवले की तो उत्तर देतो. ब्लूटूथ स्पीकरवर हे शिकता येत नाही, कारण स्पीकर तुमच्याकडे बघत नाही. हलगी उन्हात किंवा जाळावर शेकून ताणली जाते, तेव्हा कुठं ती कडाडते. मागं झीलकरी सूर धरून असतात. तुणतुण्याला एकच तार, पण सगळा फड सुरात राहतो तो त्या तारेच्या आधारानं.

गवळणीतली मावशी घ्या. पुरुषानं साकारलेली ही मावशी कृष्णाशी आणि पेंद्याशी जी हुज्जत घालते, ती पाठ केलेली कमी आणि तिथल्या तिथं सुचलेली जास्त असते. बतावणीत तर सोंगाड्या त्याच गावचा खड्डा, त्याच गावची निवडणूक, समोरच बसलेला पुढारी हे सगळं ओढून आणतो. नाटकाच्या शिबिरात आपण ‘इम्प्रोव्हायझेशन’ म्हणून जो तास करतो आणि स्टँडअपवाले ज्याला ‘क्राउडवर्क’ म्हणतात, ते हेच. फरक इतकाच की इथं हजार-दोन हजार लोक समोर असतात आणि विनोद पडला तर ते लगेच तसं कळवतात!

एकांकिकेसाठी घाम गाळणाऱ्या पोरांनी हे एकदा तरी लाइव्ह बघायला हवं. आपल्या नगरला रंगभूमीची परंपरा मोठी. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ लिहिणारे मधुकर तोरडमल नगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. सदाशिव अमरापूरकर इथलेच. त्या परंपरेची दुसरी बाजू तंबूत आहे, इतकंच.

हा जिल्हाच त्यांचा

शाळेत ज्यांचा फटका अनेकांनी पाठ केला, ते अनंत फंदी (१७४४-१८१९) संगमनेरचे. कीर्तनकार होण्याआधी ते तमाशात होते. त्यांची एक आख्यायिका सांगतात. अहिल्याबाई होळकरांनी त्यांना समजावलं की तुझ्यासारख्या प्रतिभेच्या माणसानं तमाशा सोडावा, आणि फंदींनी डफ ठेवून कीर्तन धरलं. ज्यांचं नाव आज आपल्या जिल्ह्याला आहे, त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाई. गोष्ट खरी-खोटी काहीही असो, एक मात्र त्यातून कळतं. ‘हे चांगल्या माणसानं करायचं काम आहे का’ हा प्रश्न या कलेला दोनशे वर्षांपासून चिकटलेला आहे.

पुढची गोष्ट पवळाची. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची पवळा (१८७०-१९३९). तमाशात बायकांची कामं नाच्या पोरं करायची, त्या काळात ती फडावर उभी राहिली. तमाशातली पहिली नामवंत स्त्री कलावंत म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ती महार समाजातली. पठ्ठे बापूराव ब्राह्मण घरातले, मूळचे कुलकर्णी. ते तिच्याबरोबर फडात आले आणि दोघांनी महाराष्ट्र गाजवला. बापूरावांनी तमाशासाठी जात सोडली, हे कौतुकानं सांगितलं जातं. पवळानं काय काय सोसलं असेल, ते सांगणारे कमी. आपल्यापैकी कितीजणांनी हिवरगाव पावशाचं नाव पवळामुळं ऐकलं आहे? टोलनाक्यामुळं ऐकणारेच जास्त निघतील.

आणि अगदी अलीकडच्या कांताबाई सातारकर. त्यांचं घर संगमनेरला. तुकाराम खेडकरांच्या फडात त्यांनी नाव काढलं आणि त्यांच्यानंतर स्वतःचा फड उभा केला. वगात त्या पुरुष भूमिका करायच्या, अगदी छत्रपती शिवाजी महाराजांचीसुद्धा. विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं राज्य सरकार देतं तो जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २५ मे २०२१ रोजी, कोरोनाच्या लाटेत त्या गेल्या. एका बाईनं फडाची मालकीण होणं, शंभर पोटं सांभाळणं, गावोगाव व्यवहार करणं... याला आज आपण ‘आंत्रप्रेन्युअर’ म्हणतो आणि त्याचे सेमिनार भरवतो.

मग अडतं कुठं?

खरं सांगायचं तर अडतं आपल्या डोक्यात. लावणी वर्कशॉपचा फोटो स्टेटसला ठेवला की घरचेही हार्ट पाठवतात. पण ‘तमाशाला चाललेय’ म्हणून बघा, घर डोक्यावर घेतील. तीच नऊवारी, तेच चाळ, तोच ठेका. हॉलमध्ये ती ‘आपली संस्कृती’ असते आणि तंबूत ती ‘तसली’ होते. फरक नाचात नाही, नाचणारी कोण आहे यात आहे. पिढ्यान् पिढ्या ही कला ज्या समाजांनी, विशेषतः ज्या बायकांनी जगवली, त्यांच्या वाट्याला बदनामी आणि आपल्या वाट्याला सर्टिफिकेट, हा हिशोब काही बरोबर नाही.

मुली तंबूत जात नाहीत, त्याला कारणही आहे. पुढच्या रांगांतला हुल्लडबाज घोळका. आणि आता त्या घोळक्याच्या हातात मोबाइल. झूम करून काढलेली दहा सेकंदांची क्लिप, तिला घाणेरडं गाणं, त्याहून घाणेरडं कॅप्शन. ज्या बाईची ती क्लिप असते, तिचीही मुलं शाळेत जातात, त्यांच्याही वर्गातल्या पोरांकडं इन्स्टा असतं. ती क्लिप फॉरवर्ड करणारे बहुतेक आपल्याच वयाचे. त्यामुळं हा विषय ‘समाजाचा’ वगैरे नंतर, आधी आपला आहे.

दुसरं अडतं पैशाशी. फडमालक हंगामाआधी कलावंतांना उचल देतात, त्यासाठी स्वतः कर्ज काढतात. यात्रा जोरात झाल्या तर फिटतं. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनानं यात्राच बंद पाडल्या आणि सलग दोन वर्षं ऐन कमाईचे महिने कोरडे गेले. त्यात अनेक गावं आता डीजे आणि डान्स शोकडं वळली आहेत. अवकाळी पाऊस, शेतमालाचे पडलेले भाव यांचा फटका पहिला बसतो तो वर्गणीला, म्हणजेच तमाशाला.

वेळ जुळते, फक्त फोन करायचाय

आता गंमत बघा. बुद्धपौर्णिमेला फडाचा हंगाम संपतो. त्यानंतर थेट दसऱ्यापर्यंत बहुतेक कलावंत रिकामे. कुणी शेतात राबतं, कुणी मिळेल ते काम करतं. आणि आपलं काय चालू असतं? मे अखेर, जून म्हणजे सुट्टीतली शिबिरं. जुलै-ऑगस्ट म्हणजे एकांकिका स्पर्धांच्या तालमी. त्यापाठोपाठ युवा महोत्सव, त्यात लोकनृत्य आणि लोकवाद्यवृंद. आपल्याला शिकवणाऱ्याची गरज नेमकी तेव्हा असते, जेव्हा त्यांना कामाची गरज असते. कॅलेंडर इतकं जुळत असताना आपण यूट्यूबवरून स्टेप्स उचलतो!

हे होऊ शकतं, याची उदाहरणं आहेत. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी ‘संगीत बारी’ हा कार्यक्रम उभा केला, तेव्हा शहरातल्या नर्तिकांना नऊवारी नेसवून काम भागवलं नाही. शकुंतलाबाई नगरकर, मोहनाबाई म्हाळंग्रेकर अशा बारीतच घडलेल्या कलावंतांना मंचावर आणलं. शकुंतलाबाई आता शहरातल्या मुला-मुलींना लावणीही शिकवतात. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, तिथं या कला रीतसर अभ्यासक्रम म्हणून शिकवल्या जातात. आपल्या जिल्ह्यात तर शिकवणारी माणसं एका एसटीच्या अंतरावर आहेत.

कॉलेजच्या नाट्य मंडळानं, एनएसएसनं किंवा चार मित्रांनी मिळूनही हे करता येईल. तीन दिवसांचं छोटं शिबिर. एक ढोलकीवाले काका, एक गाणाऱ्या-नाचणाऱ्या मावशी, एक सोंगाडे. अट एकच. त्यांना मानधन मिळालं पाहिजे, आणि तेही शहरातल्या कोरिओग्राफरला देतो तेवढंच. हारतुरे, शाल, नारळ नंतर. पोस्टरवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात हवं. आणि आपल्याला दिलं जाणारं सर्टिफिकेट त्यांच्या सहीचं हवं.

मास कॉम आणि मीडियावाल्यांसाठी तर इथं अख्खा खजिना आहे. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकले. त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात ना मोठं बजेट होतं, ना परदेशी लोकेशन, फक्त आपल्या आसपासची माणसं होती. फडातल्या एखाद्या ज्येष्ठ वादकाच्या हातातले बोल आज रेकॉर्ड केले नाहीत, तर ते त्यांच्याबरोबरच जातील. प्रोजेक्टसाठी विषय सापडत नाही म्हणणाऱ्यांनी एक सुट्टी यात घालवून बघावी.

लावणी शिकायचीच आहे ना? मग ज्यांनी ती आपल्यापर्यंत पोचवली, त्यांच्याकडून शिकूया. फी तीच, फक्त ती योग्य हातात जाईल.

तमाशाला जाताय? एवढं करा
• रात्री जमत नसेल तर सकाळची हजेरी गाठा. दिवसाउजेडी, घरच्यांनाही घेऊन जाता येतं.
• ग्रुपनं जा. वगापर्यंत थांबा, दोन लावण्या बघून उठू नका.
• शूटिंग करायचं तर आधी फडमालकांना आणि त्या कलावंताला विचारा. ‘नको’ म्हणाले तर मोबाइल खिशात.
• कुणी वेडंवाकडं शूट करत असेल तर गप्प बसू नका, यात्रा कमिटीच्या कानावर घाला. आलेली क्लिप पुढं पाठवू नका.
• कार्यक्रम संपल्यावर ढोलकीवाल्यांशी, मावशींशी दोन शब्द बोला. कधी निवांत असतात ते विचारा, नंबर घ्या. कॉलेजच्या पुढच्या शिबिराची सुरुवात तिथूनच होईल.
• वाचायला सुरुवात करायची तर : भूषण कोरगावकर यांचं ‘संगीत बारी’, योगीराज बागूल यांचं ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ आणि किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’.