गाडी चकाचक, चाकं काळीकुट्ट?

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जत्रा भरते. जो तो बादली, मग आणि जुनं फडकं घेऊन गाडी धुवायला उतरलेला. दुसऱ्या दिवशी पूजा, झेंडूचा हार आणि मग फोटो. गेल्या वर्षी आमच्या गाडीचं काम मी अंगावर घेतलं. बॉडी झाली, काचा झाल्या, पण पुढची दोन चाकं काही केल्या काळीच. साबण लावला, घासणी फिरवली, तरी ढिम्म. मग कुठल्याशा रीलवर बघितलेली ट्रिक आठवली आणि मी घरातून टॉयलेट क्लीनरची बाटली आणली.

उजव्या चाकावर ओतल्या ओतल्या फेस आला. वाटलं, वा, जमलं! धुवून वाळल्यावर मात्र चाकभर पांढुरके डाग उमटले. ते पुसूनही जाईनात. बाबांनी ही सेकंडहँड गाडी तीन वर्षं जीवापाड सांभाळली होती. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्याचा फोटो डाव्या बाजूनं काढू." त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी गॅरेजमधल्या दादांना पिडून आणि मिळेल ते वाचून हा विषय नीट समजून घेतला. तुमच्यावर फोटोची बाजू बदलायची वेळ येऊ नये, म्हणून हा खटाटोप.

तो काळेपणा येतो कुठून?

आपल्याला वाटतं, ही रस्त्यावरची धूळ. खरं तर चाकावरची काळी पूड बरीचशी गाडीच्या ब्रेकमधूनच येते. ब्रेक दाबला की पॅड लोखंडी डिस्कला घट्ट धरतं. त्या घर्षणात पॅड आणि डिस्क दोन्ही थोडं थोडं झिजतात आणि बारीक, गरम कण उडून रिमवर बसतात. त्यात लोखंड असतं. पाणी आणि हवा लागली की ते गंजतं आणि चिकटून बसतं. म्हणून नुसत्या साबणाला ते दाद देत नाही.

आता खाली जाऊन तुमच्या गाडीची पुढची आणि मागची चाकं बघा. पुढची जास्त काळी दिसतील. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे पुढच्या ब्रेकना जास्त काम पडतं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. त्यांची पूड बरीचशी ड्रमच्या आतच राहते.

मग माझं काय चुकलं? अलॉय म्हणजे मुख्यतः अॅल्युमिनियम. त्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. लॅकरला खडे लागून जिथे टवके उडालेले असतात, तिथून ते आत शिरतं आणि थेट धातू खातं. ज्या फेसावर मी खूश झाले होते, तो चाक स्वच्छ होण्याचा नव्हे, खराब होण्याचा होता. कॉस्टिक असलेले ओव्हन क्लीनरही अॅल्युमिनियमचे तितकेच वैरी. तारेच्या घासणीनं तर लॅकरवर ओरखडेच पडतात.

नीट धुवायचं कसं?

सामान फार लागत नाही. दोन बादल्या, कार शाम्पू, एक मऊ ब्रश, जुना टूथब्रश आणि दोन मायक्रोफायबर फडकी. ही फडकी फक्त चाकांसाठी ठेवा. त्यात अडकलेली लोखंडी पूड बॉडीवर फिरली, तर रंगावर जाळीसारखे चरे पडतात.

पहिला नियम, चाक गार हवं. गाडी नुकतीच फिरून आली असेल तर आधी चहा प्या. गरम चाकावर शाम्पू लगेच वाळतो आणि डाग पडतात. उन्हातही नको, सावलीत धुवा. दुसरा नियम, आधी चाकं, मग बॉडी. नाहीतर धुतलेल्या बॉडीवर चाकांची घाण उडते.

एका वेळी एकच चाक घ्या. आधी भरपूर पाणी मारून सुटी पूड आणि वाळू घालवा. मग एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. ब्रश शाम्पूत बुडवायचा, चाक घासायचं, साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. नटांच्या खोबण्या आणि व्हॉल्व्हच्या आजूबाजूला टूथब्रश चालवा. चाक धुवून लगेच पुसा, नाहीतर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे ठिपके राहतात. स्टीलची रिम आणि प्लास्टिकचं व्हील कॅप असेल, तर कॅप काढून मागचा गंजही बघून घ्या. पाणी बादलीनंच घ्या. पाइप सोडून दिला की टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत शिव्या ठरलेल्या.

एवढं करूनही तपकिरी ठिपके राहिले, तर बाजारात 'आयर्न रिमूव्हर' मिळतो. अलॉयला चालणारा, पीएच न्यूट्रल लिहिलेला घ्या. तो लोखंडाच्या कणांशी रिअॅक्ट होऊन जांभळा होतो. चाकातून जांभळे ओघळ वाहताना बघणं म्हणजे केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकलच, फक्त वास कुजक्या अंड्यासारखा! हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेत धुवून टाका. वाळू देऊ नका. वर्षातून दोन-तीनदा पुरे.

शेवटी टायर पॉलिश. ते फक्त टायरच्या बाजूला, तेही फडक्यानं आणि अगदी थोडं. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर किंवा ब्रेक डिस्कवर गेलं, तर चमकण्याऐवजी घसरण्याची सोय होईल. धुतल्यावर गाडी पार्किंगमध्येच हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरड्या होतील. दुसऱ्या दिवशी डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नका. पहिल्या काही ब्रेकमध्ये तो जातो.

बाइकवाल्यांसाठी

• टू-व्हीलरच्या टायरला पॉलिश लावूच नका. वळताना बाइक कलते आणि टायरच्या कडा रस्त्याला टेकतात.
• बाइक स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, फिरत्या चाकाला किंवा चेनला फडकं लावू नका. फडकं ओढलं जातं, त्यासोबत बोटंही जातात. इंजिन बंद करा आणि चाक हातानं फिरवा.

फोटोतलं चाक

आता खरी गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही समृद्धी महामार्गानं नागपूरला मामाकडे जाणार होतो. निघायच्या चार दिवस आधी, दसऱ्याची भरपाई म्हणून मी पुन्हा चाकं धुवायला बसले. या वेळी सगळं नियमानं. पुढचं डावं चाक, म्हणजे आमच्या फोटोतलं सुंदर चाक, पुसताना टायरच्या बाजूला बोटाला काहीतरी उंच लागलं. अर्ध्या लिंबाएवढा फुगा! चिखलाखाली तो कधी दिसलाच नव्हता.

टायरवाल्या काकांनी बघितलं आणि लगेच म्हणाले, "खड्ड्यात आपटलीय. आतले धागे तुटलेत. याला पंक्चरसारखं काही करता येत नाही बाळा, टायर बदलायचाच." असा टायर गावात कदाचित आणखी महिनाभर चालला असता. पण १२०च्या स्पीडला तापल्यावर? विचार करूनच पोटात गोळा आला. समृद्धीवर टायर फुटून अपघात झाल्यावर २०२३मध्ये आरटीओनं तिथे टायर तपासायला सुरुवात केली होती, झिजलेल्या टायरच्या गाड्यांना परत पाठवलं होतं. ती बातमी मी वर्गात वाचलीही होती. आपल्या टायरकडे मात्र बघितलं नव्हतं.

म्हणून चाक धुवून झाल्यावर आणखी पाच मिनिटं द्या. टायरच्या बाजूवर हात फिरवा. फुगा, चीर, रुतलेला खिळा आहे का बघा. खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या पट्ट्या असतात, त्या १.६ मिलिमीटर उंचीच्या. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो संपला. बाजूवर 'डीओटी' या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल, तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. आणि हो, स्टेपनीही बघा. तिला कुणीच विचारत नाही.

नागपूरला आम्ही सुखरूप पोहोचलो, नव्या टायरवर. उजव्या चाकावरचे डाग अजून आहेत. रिम रंगवून घेऊ म्हटलं, तर बाबा म्हणाले, "राहू दे. त्यांच्यामुळेच तर तू चाकांकडे बघायला लागलीस."

यंदा दसऱ्याचा फोटो उजव्या बाजूनं काढणार आहोत.