ओट्यावरची रेघ: शीर की भेग?

बोईसरला नव्या घरात ओटा बसला की तक्रार येते, "ग्रॅनाइटला तडा गेलाय!" आधी रेघेवरून नख फिरवा. अडकलं नाही, तर ती बहुधा दगड घडतानाचीच शीर. तिची काळजी नको. नख अडकलं, तर भेग समजा. सिंकच्या कापाजवळ दगडाची पट्टी अरुंद असते, तिथली भेग वाढते; लगेच इपॉक्सी भरून घ्या.

पालघरचे डोंगर बेसॉल्टचे, ओट्याचा ग्रॅनाइट बाहेरून येतो. ओट्याला कडप्पाही वापरतात, पण तो चुनखडीचा दगड. त्यावर लिंबू, कोकम सांडलं की आम्ल कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं आणि पांढुरका चट्टा उठतो. तो डाग नव्हे, झीज आहे. कितीही घासा, जाणार नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागेल.

दगड कापायला देण्याआधी ओला करून उजेडात नीट पाहा.